पदरमोड, शिक्का आणि वाचक

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या मेळाव्यांतून आणि कार्यशाळांतून एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती सुरू झाली की आम्हाला वर्गातले पाढे आठवतात. व्यासपीठावरचा पाहुणा घसा खाकरतो आणि समोर बसलेल्या नवलेखकांना म्हणतो, ‘‘प्रकाशक मिळत नाही म्हणून रडत बसू नका. त्या अमीश त्रिपाठींकडे बघा. वीस प्रकाशकांनी नाही म्हटले, तर गड्याने स्वतःच पुस्तक काढले. मग प्रकाशक मागे धावत आले. तुम्हीही काढा. पुस्तकात दम असेल तर प्रकाशक आपोआप येईल.’’ टाळ्या पडतात, चहा येतो, पाहुणे पुढच्या गाडीने निघून जातात. आणि पुढच्या सहा महिन्यांत आमच्यातलाच एखादा शिक्षक, एखादा एस.टी.चा कंडक्टर, एखादी अंगणवाडीताई पतपेढीचे कर्ज काढून कादंबरी छापते. वर्षभराने कादंबरीचे गठ्ठे पलंगाखाली असतात आणि पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जात असतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दिवसभर मुलांना उर्दूतून विज्ञान आणि भूगोल सांगतो, आणि रात्री मराठीतून लिहितो. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या आणि पलंगाखालच्या गठ्ठ्यांत आमचाही एक गठ्ठा आहे. म्हणून या विषयावर चार कडू शब्द बोलण्याचा आम्हाला हक्क आहे असे आम्ही समजतो. कुणाला राग आला तर येऊ द्या. मुळात ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, आणि अर्धी गोष्ट संपूर्ण खोट्यापेक्षा अधिक नुकसान करते.

पूर्ण गोष्ट अशी आहे. अमीश यांची ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ ही इंग्रजी कादंबरी फेब्रुवारी 2010 मध्ये आली. लेखक मुंबईचे, कोलकात्याच्या आय.आय.एम.मध्ये शिकलेले, वित्तक्षेत्रात अनेक वर्षे नोकरी केलेले. वीसेक प्रकाशकांनी नकार दिला हे ते स्वतःच सांगतात. पण त्यानंतर पुस्तक काढण्याची जबाबदारी घेतली ती त्यांचे एजंट अनुज बाहरी यांनी. हे बाहरी म्हणजे दिल्लीच्या नामांकित ‘बाहरीसन्स’ या पुस्तकांच्या दुकानाच्या घराण्यातले. पुस्तक कसे विकले जाते हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले, असे ते गृहस्थ. प्रसिद्धीचा भार लेखकाने उचलला. पहिले प्रकरण वेगळे छापून ते पुस्तकांच्या दुकानांत पैसे देण्याच्या काउंटरवर फुकट वाटायला ठेवले. यूट्यूबवर चित्रपटासारखी झलक टाकली. तिचे संगीत तौफिक कुरेशी यांचे होते. दुकानादुकानांत पुस्तक पोहोचवायला वेस्टलँडसारखे मोठे वितरण पाठीशी होते. पुढे तीच वेस्टलँड त्यांची प्रकाशक झाली. 2011 मध्ये दुसरा भाग आला, 2013 मध्ये तिसरा. त्याच वर्षी अजून न लिहिलेल्या पुढच्या मालिकेसाठी वेस्टलँडने 5 कोटी रुपये आगाऊ देऊ केल्याची बातमी देशभर गाजली.

यात आम्ही अमीश यांना कमी लेखत नाही. उलट, वाचक शोधावा लागतो, तो आपल्या वाटेवर उभा नसतो, हे ज्यांना कळले अशा थोड्या लेखकांपैकी ते आहेत. त्यांच्याकडून शिकायचे असेल तर हे शिका. पण आमचे पाहुणे नेमके हेच वगळतात. पुस्तक काढले आणि प्रकाशक आले, एवढेच सांगतात. पुस्तक काढणे आणि प्रकाशक येणे यांच्यामध्ये एजंट होता, वितरक होता, दुकानांची देशव्यापी साखळी होती, इंग्रजीची बाजारपेठ होती, खर्च सोसण्याची ताकद होती, आणि शंकराची कथा घराघरात आधीच माहीत होती. प्रकाशक पुस्तकाकडे आला नाही. पुस्तकाभोवती जमलेल्या वाचकांकडे आला.

आता हा हिशोब आमच्या तालुक्याला लावून पाहा. आम्ही पहिले प्रकरण फुकट वाटायला कोणत्या काउंटरवर ठेवणार? आमच्या गावातल्या पुस्तकांच्या दुकानात गाईड मिळतात, वह्या मिळतात, कंपासपेटी मिळते आणि जून महिन्यात रेनकोटही मिळतो. कादंबरी मागितली तर दुकानदार आमच्याकडे असे बघतो, जणू आम्ही त्याच्याकडे उधार मागितले.

कुणी म्हणेल, ही नव्या जमान्याची गोष्ट झाली, जुन्या थोरांचे तसे नव्हते. तर जुन्यांचेही पाहू. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाच्या महाकाय कादंबरीचा पहिला भाग 1913 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. आधी अनेक प्रकाशकांनी तो नाकारला होता. त्यांत आंद्रे जीद ज्या मंडळींत होते तेही होते. शेवटी ग्रासे या प्रकाशकाने तो लेखकाच्या खर्चाने छापला. जानेवारी 1914 मध्ये जीद यांनी प्रूस्तला पत्र लिहून आपली चूक कबूल केली. पुढे त्याच मंडळींच्या गालीमार या संस्थेने प्रूस्तला आपल्याकडे घेतले आणि 1919 मध्ये दुसऱ्या भागाला गोंकूर पुरस्कार मिळाला. ही गोष्ट ऐकून छाती फुगते. पण प्रूस्तच्या घरी पिढीजात पैसा होता, हे विसरून चालणार नाही. छपाईची खिळे पुन्हा पुन्हा बदलायला लावण्याइतका पैसा होता. त्याला पहिल्या तारखेच्या पगाराची वाट पाहावी लागत नव्हती.

आणि ज्याला पाहावी लागत होती, त्याचे काय झाले? प्रेमचंद आमच्यासारखेच शाळामास्तर. लिहायला सुरुवात केली ती उर्दूत. ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी त्यांनी मूळ उर्दूत लिहिली, पण आधी छापली गेली ती हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने, 1919 साली. कोलकात्याच्या हिंदी प्रकाशकाने तिचे 450 रुपये दिले. लाहोरची उर्दू आवृत्ती यायला 1924 साल उजाडले, आणि तिचे मिळाले 250. ज्या भाषेत लिहिले त्या भाषेने उशीरही केला आणि कमीही दिले. पुढे त्यांनी 1923 साली बनारसला स्वतःचा सरस्वती प्रेस काढला. प्रकाशकाच्या दारात उभे राहायला नको हा त्यात एक विचार असणारच. पण त्या छापखान्याने त्यांना कर्जात बुडवले. ते फेडायच्या आशेने या एवढ्या मोठ्या लेखकाला 1934 मध्ये मुंबईला येऊन सिनेमासाठी लिहावे लागले, आणि वर्षभरात खिन्न होऊन ते परत गेले. आता सांगा, ‘गोदान’ लिहिणाऱ्याच्या लेखणीत दम कमी होता का? दम असेल तर सगळे आपोआप होते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा प्रेमचंदांच्या छापखान्याचे खातेपुस्तक डोळ्यांसमोर आणावे.

आता आमची गोष्ट. ती लहान आहे, पण ती एकट्या आमची नाही म्हणून सांगतो.

आमची कादंबरी पिंजाऱ्यांच्या घराची आहे. आमच्या आजोबांच्या खांद्यावर पिंजणाची कमान असायची. गावोगाव फिरून ते कापूस पिंजत, गाद्या भरत. तयार गाद्यांची दुकाने आली आणि कमान भिंतीला टांगली गेली. त्या घरातली दादी हे कादंबरीचे मुख्य पात्र. दादी जशी बोलायची तशी बोलते : अर्धी दखनी, अर्धी गावची मराठी, एका वाक्यात दोन्ही. आम्ही पाच वर्षे लिहिले आणि हस्तलिखित एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या प्रकाशन संस्थेकडे पाठवले. आठ महिन्यांनी संपादकांनी भेटीला बोलावले. चहा दिला. ‘‘तुमचे मराठी फार छान आहे हो,’’ असे म्हणाले. हे वाक्य मराठी मुसलमानाला आयुष्यभर ऐकावे लागते. ज्या मातीत सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, तिथे आमचे मराठी छान असल्याचे आश्चर्य अजून संपलेले नाही. मग संपादक मुद्द्यावर आले. ‘‘पात्रे आवडली. पण यात तलाकचा प्रश्न कुठे आहे? बुरख्याबद्दल काहीच नाही. वाचकाला मुस्लिम समाजाच्या आतले काही मिळायला हवे ना!’’ आम्ही म्हणालो, ‘‘साहेब, आतलेच आहे. आत गाद्या होत्या.’’ ते हसले. हस्तलिखित परत आले.

दुसऱ्या ठिकाणी अट होती की दादीचे बोलणे ‘सुबोध’ करावे आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडावी. सालन, दस्तरखान, चिलमची, असे शब्द वाचकाला अडतील म्हणे. आजच्या मराठी कादंबरीतली माणसे कॅपुचिनो पितात, ब्रंचला जातात, त्यांच्यासाठी शब्दार्थांची यादी लागत नाही. शेजारच्या गल्लीत तीनशे वर्षे शिजणाऱ्या सालनासाठी लागते. आम्ही तेही हस्तलिखित परत घेतले.

मग तिसरे भेटले. यांनी कादंबरी वाचलीच नाही, आणि आम्ही वेड्यासारखे त्यात मोठेपणा मानला. ‘‘लगेच छापू. फक्त लेखकाचा सहयोग लागेल.’’ सहयोग म्हणजे 60,000 रुपये. 500 प्रती छापू, 150 तुम्हाला, बाकी आम्ही विकू, असे तोंडी ठरले. कागद मागितला तर म्हणाले, ‘‘आपल्यात कागद कशाला, गुरुजी?’’ आम्ही पतपेढीत गेलो. पुस्तक आले. मुखपृष्ठावर घुंगट घेतलेली बाई, मागे मिनार. ज्या कादंबरीत मशिदीचा उल्लेख तीनदा आहे आणि गादीचा तीनशेदा, तिच्यावर मिनार. पहिल्याच पानावर ‘पिंजारी’ शब्दात मुद्रणदोष. दादीचे बोलणे कुणीतरी पुस्तकी मराठीत ‘दुरुस्त’ केलेले, तेही अर्ध्याच प्रकरणांत. त्यामुळे दादी सकाळी दखनी बोलते आणि दुपारी सदाशिव पेठेत राहायला जाते. दीड वर्षाने विक्रीचा हिशोब मागितला तेव्हा फोन उचलला गेला नाही. पुढे बांधणी करणाऱ्या कारागिराकडून कळले की आमच्याकडे आल्या त्यापेक्षा फार तर पन्नासेक प्रती जास्त निघाल्या होत्या. आता छपाईचे तंत्र असे आहे की पाहिजे तेवढ्याच प्रती निघतात. पण 500 प्रतींचे पैसे घ्यायला कोणत्याच तंत्राची अडचण नसते.

त्या माणसाला शिव्या देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तो त्याचा धंदा करतो. आमचा सवाल आम्हालाच आहे : आम्ही त्याला पैसे कशाचे दिले? छपाईचे? आमच्या गावचा मुद्रक 300 प्रती निम्म्याहून कमी पैशांत द्यायला तयार होता. आम्ही पैसे दिले ते शिक्क्याचे. पुस्तकाच्या पाठीवर शहरातल्या संस्थेचे नाव हवे होते. ‘स्वतः छापले’ असे सांगायची लाज वाटत होती. मोहल्ल्यात, शिक्षकांच्या खोलीत, या वार्षिकाच्या वाचकांत सांगायचे होते की आम्हाला ‘प्रकाशक मिळाला’. ही लाज हीच त्या धंद्याची खरी पुंजी आहे.

म्हणून आधी शब्द नीट करून घेऊ. जो आपला पैसा पुस्तकात घालतो तो प्रकाशक. जो लेखकाचा पैसा घेतो तो छपाईचा ठेकेदार. मग त्याच्या संस्थेचे नाव कितीही भारदस्त असो. आणि जो स्वतःचा पैसा घालून, स्वतःचे नाव लावून पुस्तक काढतो तो लेखकही आहे आणि प्रामाणिक प्रकाशकही. पहिला आणि तिसरा, दोघेही इज्जतदार. मधल्याने आमच्या पिढीचे वाटोळे केले आहे.

स्वतः पुस्तक काढण्यात लाज कसली? महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ काढली ती कुणा प्रतिष्ठित प्रकाशकाच्या मेहरबानीने नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ तर आपल्याच चळवळीतल्या पत्राने दोन भागांनंतर छापायचा थांबवला आणि पूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. 1885 मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. आणि 1969 मध्ये त्याच फुल्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. पदरमोडीपासून शासनाच्या शिक्क्यापर्यंत हा प्रवास शंभर वर्षांचा आहे. पण त्या शंभर वर्षांत फुल्यांना कुणी टिकवले? प्रकाशकाने नाही. ज्यांना त्या पुस्तकांची गरज होती त्या सत्यशोधक खेड्यापाड्यांतल्या वाचकांनी. दलित साहित्याचेही तेच. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ चालवले, लेखकांचे मेळावे घेतले, वाचक घडवला. मोठ्या प्रकाशकांना दलित आत्मकथनांची किंमत कळली ती हा वाचक डोळ्यांसमोर आल्यावर.

आमच्याकडे काय झाले? 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या साथींनी दार उघडले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. त्याच्या आधी पंचवीस वर्षे, 1965 मध्ये, हमीद दलवाईंची ‘इंधन’ आली होती. त्यांच्या विचारांशी आमच्यातल्या अनेकांचे भांडण आहे आणि राहील, पण कोकणातल्या मुसलमान गावाला मराठी कादंबरीत जागा मिळवून दिली ती त्यांनी, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत. म्हणजे लेखक होते, संमेलन होते, व्यासपीठ होते. मग वाचक का घडला नाही? की घडला, आणि आम्हीच त्याला पुस्तक विकत घ्यायची सवय लावली नाही?

इथे आम्हाला आपल्या घरात डोकवावे लागेल. वलीम्याच्या मंडपावर लाख रुपये खर्चणारा आमचा नातेवाईक 200 रुपयांची कादंबरी ‘सप्रेम भेट’ मागतो. संमेलनाला आलेले प्रतिनिधी एकमेकांना पुस्तके भेट देतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन पुस्तके तशीच पिशवीत ठेवतात. आमचे समीक्षक पुस्तक न वाचता प्रस्तावना लिहितात, आणि आमचे लेखक तसल्या चार प्रस्तावना एकाच पुस्तकाला जोडतात. प्रकाशन समारंभाला शाल, श्रीफळ, हार, बॅनर, जेवणावळ, सगळे असते. मुद्रितशोधकाला द्यायचे तीन हजार मात्र जड होतात. संपादन म्हणजे अपमान, असे आम्ही समजतो. ‘‘माझ्या एका शब्दाला हात लावायचा नाही,’’ असे आमचा नवलेखक छाती काढून सांगतो, आणि मग पहिल्या पानावर ‘पिंजारी’ चुकतो.

प्रस्थापित प्रकाशकाच्या मुस्लिमांविषयीच्या ठोकळेबाज अपेक्षांवर आम्ही वर टीका केली. ती मागे घेत नाही. पण चांगला प्रकाशक चार गोष्टी करतो : हस्तलिखित कसोशीने वाचतो, दोष दाखवतो, मुद्रण निर्दोष करतो आणि पुस्तक ग्रंथालयांपर्यंत पोहोचवतो. 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. मराठी कादंबरीचा मोठा ग्राहक तीच. ती पुस्तके घेतात विक्रेत्यांच्या याद्यांतून, भरघोस सवलतीत. एकच पुस्तक घेऊन दारात आलेला लेखक त्या यादीत बसत नाही. म्हणून प्रकाशकाची गरज खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. नाकारतो ती त्याच्यापुढे मान खाली घालून उभे राहण्याची सवय.

मान वर ठेवायची तर आधी कायदा वाचा. आम्ही मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो आणि स्वतः तोंडी करारावर कर्ज काढतो, याची लाज आम्हाला खरी वाटायला हवी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तकाचा पहिला मालक लेखक. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. तोंडी दिलेल्याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते. आणि हक्क घेऊन प्रकाशक एक वर्ष स्वस्थ बसला, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास ते हस्तांतरण संपते. आय.एस.बी.एन. क्रमांकासाठी आमच्या ओळखीच्या तिघांनी ठेकेदारांना पैसे मोजले. तो क्रमांक भारत सरकारची संस्था विनामूल्य देते, आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी साहित्य संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. या गोष्टी आमच्या मेळाव्यांत कधी सांगितल्या जातात? तिथे तर अमीशची अर्धी गोष्ट चालू असते.

त्या गोष्टीचा शेवटही कुणी सांगत नाही. ज्या वेस्टलँडचे नाव यशाचे शिखर म्हणून घेतले जाते, ती पुढे ॲमेझॉनने विकत घेतली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये एके दिवशी जाहीर केले की ती बंद होत आहे. देशातल्या कितीतरी नामवंत लेखकांची पुस्तके काही आठवड्यांत दुकानांतून जाणार अशी वेळ आली. वाचक धावत दुकानांत गेले आणि मिळतील त्या प्रती घेऊ लागले. ती मंडळी पुढे प्रतिलिपीच्या आधाराने पुन्हा उभी राहिली हे खरे, आणि अमीश हार्परकॉलिन्सकडे गेले. पण धडा काय? परंपरागत प्रकाशक म्हणजे पैलतीर नव्हे. तोही बुडू शकतो. पुस्तक तरते ते दोन गोष्टींवर : हक्क लेखकाच्या हातात असणे, आणि पुस्तक मागणारा वाचक असणे.

हे कळल्यावर आम्ही काय केले ते सांगून थांबतो. ठेकेदाराने केलेले पुस्तक आम्ही मोडीत काढले. दादीचे बोलणे मूळच्यासारखे केले. शाळेतल्या मराठीच्या बाई आणि शेजारच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक, यांना हस्तलिखित देऊन सांगितले, निर्दयपणे वाचा. त्यांनी 40 पाने कापली. आम्ही दोन रात्री झोपलो नाही, मग कळले की ती पाने भाषणे होती. मुद्रितशोधकाला पैसे दिले. मुखपृष्ठावर भिंतीला टांगलेली कमान घेतली. प्रस्तावना एकही नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची पावती छापली : 200 रुपये, 100 माणसे. 20,000 रुपये जमले आणि गावच्या मुद्रकाने पुस्तक काढले. प्रकाशक म्हणून आमचेच नाव. भेट म्हणून एकही प्रत दिली नाही, सख्ख्या मामूंनाही नाही. मामू तीन महिने बोलले नाहीत, मग त्यांनी एक प्रत विकत घेतली आणि वाचून फोनवर रडले. अकरा महिन्यांत 212 प्रती गेल्या. हा आकडा ऐकून शहरातले लोक हसतील. पण या 212 जणांनी पैसे मोजले आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी आयुष्यात पहिल्यांदा मराठी कादंबरी विकत घेतली आहे. पिंजारी-नदाफ जमातीच्या दोन बैठकांत तिचे वाचन झाले. आमच्या उर्दू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी, ज्यांचे मराठी कच्चे म्हणून तालुक्याला बदनाम आहे, ती वाचून पत्रे लिहिली. मराठीत.

गेल्या महिन्यात एका प्रकाशन संस्थेचा निरोप आला. या वेळी सहयोग मागितला नाही. करार पाठवला आहे. खर्च त्यांचा, मानधन आम्हाला. पाहुण्यांनी सांगितलेली गोष्ट खरी झाली असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणू की 212 पावत्यांनी ती खरी केली. करारात एक कलम असे आहे की भाषेत ‘आवश्यक ते बदल’ करण्याचा अधिकार संस्थेला राहील. आम्ही उत्तर लिहिले आहे : दोष जरूर दाखवा, आम्ही आणखी 40 पाने कापू. पण दादीचे बोलणे आमच्या लेखी संमतीशिवाय बदलायचे नाही, मागे शब्दार्थांची यादी नको, दरवर्षी विक्रीचा हिशोब द्यावा, आणि मुदत पाच वर्षांची असावी. मान्य असेल तर आनंदाने सही करू. नसेल तर दुसरी आवृत्तीही गावच्याच मुद्रकाकडे निघेल. उत्तर अजून आलेले नाही.

आमच्या लेखक मित्रांना आणि मैत्रिणींना एवढेच सांगणे आहे की शिक्का विकत घेऊ नका. पैसा घालायचाच असेल तर तो मुद्रितशोधकावर घाला आणि उरलेला वाचकापर्यंत जाण्याच्या एस.टी.च्या तिकिटावर. आणि वाचकहो, आपल्या माणसाची कादंबरी हातात आली की पहिल्या पानावर सही मागण्याआधी खिशात हात घाला. तुम्ही किंमत मोजाल तेव्हाच कुणीतरी आमच्या भाषेची किंमत करील.